जोखाईच्या सड्यावरची वेगळी चूल

केरबा झोरेला लोक म्होरक्या म्हणायचे आणि त्याला ते अजिबात रुचायचं नाही. तो म्हणायचा, "म्होरकी म्हस आसती. तिला काय बाकीच्या म्हसरांनी निवडून दिल्याली आसती व्हय? तीच आपली पाण्याच्या वाटंला आधी लागती." पण गेली चाळीस वर्षं पाण्याच्या वाटेला आधी लागला तो केरबाच, त्यामुळं त्याला दुसरं काय म्हणायचं हेही कुणाला सुचलं नाही.

मलकापूरवरून रत्नागिरीच्या रस्त्याला लागलं, की पुढं एक फाटा डोंगरात शिरतो. तिथून दीड तास चढ. वर गेलं की एकदम सगळं सपाट आणि उघडं, कातळाचं नि खुरट्या गवताचं रान. त्याला सडा म्हणतात. जोखाईच्या सड्यावर धनगरांची अकरा घरं, शंभरावर म्हशी, खडकात खोदलेलं पाण्याचं एक टाकं, आणि टाक्याच्या वरच्या अंगाला पुरलेली माणसं. त्यांच्यात जाळत नाहीत, पुरतात. केरबाचा बाप तिथं, आजा तिथं, जन्मून बारा दिवसांत गेलेली एक लेकही तिथं. या सड्याची कागदावरची मालकी कुणाची, हे अकरा घरांतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण कागद बघायची वेळच कधी आली नव्हती. आता तुम्ही म्हणाल, चूक त्यांचीच. म्हणा की. कागदवाले कायम तेच म्हणत आलेत.

ब्याऐंशी साली पहिल्यांदा मोजणीवाले वर आले. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीला सड्यावर बागा करायच्या होत्या. केरबा तेव्हा तिशीतला, अंगानं काटक आणि बोलायला गोड. त्यानं त्यांना ताक पाजलं, वाट दाखवतो म्हणाला, आणि धुकं उतरल्यावर टाक्याभोवती असं काही फिरवलं, की दुपारपर्यंत त्यांनी एकच कोपरा चार वेळा मोजला. संध्याकाळी त्यांना हाताला धरून खाली नेऊन सोडलं तेही केरबानंच. जाताना साहेब त्याचे आभार मानून गेला. ती कंपनी परत फिरकली नाही.

त्याचे नियम ठरलेले. माणसाला हात लावायचा नाही, मशीन फोडायचं नाही, शिवी द्यायची नाही. खुंट्या मात्र उपटायच्या. मोजणीच्या लाकडी खुंट्या दिवसा रोवल्या जायच्या आणि दोन दिवसांत त्याची बायको चिमणाबाई अंघोळीच्या पाण्याखाली त्या घालायची. "चांगलं लाकूड वापरत्यात," एवढंच ती म्हणायची. एकदा रस्ता करायला पोकलेन आलं, तर केरबानं चाळीस म्हशी चढावर नेऊन बसवल्या. बसलेली म्हैस उठवणं म्हणजे काय, हे ज्याला माहीत नाही त्यानं एकदा करून बघावं. पोलीस आले, त्यांनी काठ्या आपटल्या, शेपट्या पिरगाळल्या, नि मग घाम पुसत केरबाकडंच पाणी मागितलं.

पुढं सड्याच्या मालकीचा कागद त्या कंपनीकडनं फिरत फिरत कोल्हापूरच्या विजयसिंहाकडं आला. मोठं घराणं, दूध संकलनाचा धंदा, शहरात बंगला. अकरा घरांचं दूधही त्याच्याच गाडीत जायचं. त्याला सड्यावर फार्महाऊसचे प्लॉट पाडायचे होते. त्यानं छापलेल्या चकचकीत कागदावर टाक्याचं चित्र होतं, फक्त त्यात एकही म्हैस नव्हती. पंचवीस वर्षं दोघांचं भांडण चाललं, पण रीतीनं चाललं. केरबाच्या मुलाच्या लग्नात विजयसिंह वर चालत आला आणि पंगतीत मांडी घालून जेवला. केरबा त्याला आण्णा म्हणायचा. वैर आहे म्हणून बोलणं टाकायचं, असली शहरी रीत सड्यावर नव्हती.

केरबाचा मुलगा कोल्हापुरात फौंड्रीत होता. त्याची मुलगी पूर्णिमा तिथंच कॉलेजात इतिहास शिकायची आणि सुटीला आज्याकडं यायची. एकदा अशीच दिवाळीच्या सुटीत आली, तेव्हा दुपारी केरबा दावं वळत बसला होता. ती म्हणाली, "आबा, अमेरिकेत तुमच्यासारखाच एकजण हुता. कोचीस त्येचं नाव. अपाची म्हणून तिथली मूळची लोकं, त्येंचा म्होरक्या. डोंगरात ऱ्हायचा. गोरे लोक त्येंची जमीन घ्याय आलं, तर धा-अकरा वर्सं त्येनं त्येंस्नी घाम फोडला."

केरबाचे हात थांबले. "खुंट्या उपटत हुता?"

"त्याच्यापेक्षा लई जास्त. पण सुरुवात कशी झाली बघा. एका गोऱ्या साहेबानं त्येला बोलणी कराय तंबूत बोलावलं. ह्यो आपला भाऊ, पुतणं, बायको, पोरं घिऊन गेला. पावणा म्हणून गेला. तर आत गेल्यावर चोरीचा आळ घिऊन धराय लागलं. त्येनं सुरीनं तंबू फाडला आन् पळाला. बाकीची समदी मागं ऱ्हायली. मग पांढरं निशाण लावून पुन्हा बोलणी झाली, आन् शेवटी त्या भावाला आन् पुतण्यास्नी झाडाला फाशी दिली."

केरबानं दाव्याला एक पीळ घातला. मग म्हणाला, "साहेबानं कशावर हात ठिवून सांगितलं हुतं?"

"कशावरबी न्हाय. नुसतं फडकं."

"मग त्येचं चुकलं. फडक्यावर कोण इस्वास ठेवतंय? देव मधी घ्याला पायजे हुता."

"आबा, फुडचं ऐका की. शेवटी तह झाला, डोंगर त्येंचाच म्हणून कबूल केला, पण त्यो मेल्यावर..." पूर्णिमा सांगत होती, पण म्हशी टाक्यावरून परतल्या होत्या आणि धारांची वेळ झाली होती. केरबा दावं खांद्यावर टाकून उठला. पुढचं ऐकायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. माणसाचं नशीब कुठं अडतं बघा, म्हशीच्या धारेपाशी.

त्यानंतर महिन्याभरात विजयसिंहाचा निरोप आला. भांडण मिटवू, फाट्यावरच्या देवळात या, भंडारा उचलू.

भंडारा उचलणं म्हणजे काय, हे या भागात शेंबड्या पोराला कळतं. देवाची हळद बेलाच्या पानावर घेऊन ती तळहातात धरायची आणि बोलायचं. बोललेलं मोडलं तर घराचा वंश बुडतो. कोर्टात खोटं बोलणारी माणसं इथं पैशाला पासरी मिळतील, पण भंडारा हातात घेऊन खोटं बोललेला माणूस केरबानं त्याच्या सत्तर वर्षांत बघितला नव्हता. त्यामुळं देवळात जाताना त्याला एवढीही धास्ती वाटली नाही. अकरा घरांचे अकरा बाप्ये गेले. बायका बाहेर पिंपळाखाली थांबल्या.

विजयसिंह आधीच येऊन बसला होता, बाजूला त्याचा मुलगा यशराज. विजयसिंहानं हळद उचलली. स्वच्छ आवाजात म्हणाला, "जवर माझ्या जिवात जीव हाय, तवर ह्या सड्यावर मशीन चढणार न्हाय." मग म्हणाला, "केरबा, माझी माणसं मोजणीला येतील, खुंट्या मारतील. तुम्ही आडवं यायचं न्हाय. कागद मला पुरा करू दे. मशीन न्हाय म्हणलंय न्हवं मी?"

केरबानं हळद उचलली. "माझ्या चुलीवर जेवणारं कुणीबी तुमच्या कामाला आडवं येणार न्हाय." मुदत त्यानं घातली नाही. देवापुढं मुदत कोण घालतंय? त्याच्यामागून दहा जणांनी दहा चुलींच्या नावानं तेच शब्द उच्चारले. यशराज एकेकाचं तोंड नीट बघत होता.

परतताना चिमणाबाई म्हणाली, "अवो, आण्णांचं घड्याळ बघितलासा? निघताना हात वर केला तर कोपरापातूर घसरलं. सदऱ्यात मान निस्ती हलाय लागलीया."

"वय झालं त्येंचं."

"तुमच्यापरास धा वर्सांनी ल्हान हाईत त्ये."

चढाच्या निम्म्यावर केरबा उगाचच दम खायला थांबला. तो तिथं कधीच थांबायचा नाही.

मोजणीवाले आले. खुंट्या रोवल्या. या वेळी लोखंडी होत्या, पांढऱ्या रंगाच्या. कुणी हात लावला नाही. टाक्याभोवती आल्या, गोठ्यामागं आल्या, पुरलेल्या माणसांमधून सरळ रांगेत गेल्या. म्हशी त्यांना अडखळायच्या. मग एक दिवस ट्रेलरवरून पोकलेन आलं आणि फाट्यापाशी उतरवलं गेलं. चढलं नाही. शपथ चढण्यापुरती होती, ते पायथ्याशीच उभं राहिलं. ड्रायव्हर रोज सकाळी ते सुरू करायचा, थोडा वेळ तसंच चालू ठेवायचा आणि बंद करायचा. तो आवाज वर यायचा. बायका कामं थांबवून ऐकायच्या, आणि बंद झालं की पुन्हा कामाला लागायच्या.

पुढच्या वर्षी कार्तिकात दुधाच्या गाडीवाल्यानं सांगितलं, की आण्णा दवाखान्यात आहेत. केरबा तुपाची बरणी घेऊन एसटीनं कोल्हापूरला गेला. विजयसिंहाच्या नाकाला नळी लावली होती. उरला होता तो नुसता सापळा. त्यानं मुलाला बाहेर जायला सांगितलं.

केरबा उभ्या उभ्याच म्हणाला, "आण्णा, देवळात आलता तवा तुमास्नी ठावं हुतं?"

"ठावं हुतं. डॉक्टरनं साल सांगितलं हुतं."

"देवाला फसवलासा."

"न्हाय केरबा." विजयसिंह थांबून थांबून बोलत होता. "मी बोललो त्यातला एक शबुद मोडला न्हाय. मोडणार बी न्हाय. तू तुझा मोडू नगंस."

केरबाला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला, हे खरं आहे, कशाला लपवायचं. पण त्याच गळ्यात श्वास चालू होता म्हणून सडा शाबूत होता. त्यानं खाली वाकून पांघरूण सारखं केलं. तूप भातावर घाला म्हणून नर्सला सांगितलं. परत येऊन सड्यावरच्या देवीला, जोखाईला नवस बोलला, वैऱ्याला आयुष्य दे म्हणून. रोज सकाळी दूध घालायला फाट्यावर उतरला की गाडीवाल्याला विचारायचा, "हाईत न्हवं?" गाडीवाला म्हणायचा, "हाईत." मग दिवस जायचा. अकरा घरांतली माणसं एका परक्या माणसाच्या छातीच्या भात्यावर जगत होती. एकोणिसाव्या दिवशी गाडीवाल्यानं गाडीच थांबवली आणि खाली उतरला, तेव्हा केरबानं विचारलंच नाही.

तेरा दिवस सुतकाचे गेले. रीत यशराजनंही पाळली. चौदाव्या दिवशी सकाळी पोकलेन सुरू झालं आणि बंद झालं नाही.

आवाज चढ चढून वर यायला लागला. केरबा उंबऱ्यावर बसलेला. अकरा घरांचे अकरा बाप्ये आपापल्या उंबऱ्यावर. तरणी पोरं हात चोळत आज्यांच्या तोंडाकडं बघत होती. त्यांतला एकजण म्हणाला, "शपथ त्येंची फसवणुकीची हुती, आपली कशाला पाळायची?" केरबा म्हणाला, "त्येनं मोडली न्हाय. मी कशी मोडू?" त्याच्या आवाजात राग नव्हता. पोरगं मागं सरलं.

तेव्हा चिमणाबाई आतून बाहेर आली. एका हातात तवा आणि त्यावर निखाऱ्याचं खापर, दुसऱ्यात पिठाचा डबा. ती नवऱ्यापुढं उभी राहिली. पन्नास वर्षांत ती त्याच्यापुढं अशी कधी उभी राहिली नव्हती.

"काय म्हणलासा देवळात? तुमच्या चुलीवर जेवणारं कुणीबी?"

"व्हय."

"मग आजपास्नं माझी चूल वायली."

केरबाला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यानं मान खाली घातली. चूल वेगळी म्हणजे घर वेगळं. भावाभावात होतं, सासूसुनेत होतं, पण म्हातारपणी नवराबायकोत झालेलं या सड्यावर कुणी ऐकलं नव्हतं. ती चालत गेली ती थेट खुंट्यांच्या रांगेत, जिथून रस्ता वर येणार होता तिथं. तीन दगड मांडले, निखारा फुंकला, भाकरी थापली. तिच्यामागून आणखी सातजणी आल्या, आपापला तवा घेऊन. पोकलेनचा ड्रायव्हर वर पोचला तेव्हा वाटेत आठ चुली पेटल्या होत्या. तो शाहूवाडीचा, म्हणजे याच तालुक्यातला होता. पेटत्या चुलीवर लोखंड घालायची त्याची छाती झाली नाही. त्यानं मशीन बंद केलं आणि फोन लावला.

यशराज आला. शहरात शिकलेला असला तरी इथलाच. त्यानं चुली बघितल्या, बाप्ये बघितले, आणि काय झालंय ते त्याला लगेच कळलं. त्यानं आरडाओरडा केला नाही. ड्रायव्हरला म्हणाला, "मशीन हितंच ठेव. थंडी पडू दे. कुणीतरी म्हातारा आजारी पडंल. पडला की म्हातारी घरात जाईल. एक घास आतला खाल्ला की चूल एक झाली." ड्रायव्हरनं ते बायकांना सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत ते केरबाच्या कानावर आलं.

मग सुरू झालं ते जगणं बघवत नव्हतं. केरबा स्वतः भाकरी थापायचा, करपवायचा, तशीच खायचा. पन्नास पावलांवर चिमणाबाई पाल ठोकून राहिली होती. दोघं एकमेकांकडं लांबून बघायची. पूर्णिमा नाताळच्या सुटीत आली, आज्यापाशी बसली, पाणीसुद्धा प्याली नाही. म्हणाली, "आबा, मी आज्जीकडं जेवणार." केरबा म्हणाला, "जा, बाळा. तिकडंच जेव." ती गेल्यावर त्यानं चुलीवरचं झाकण काढलं. तिच्यासाठी म्हणून त्यानं वांग्याचं भरीत केलं होतं. ते त्यानं म्हशीपुढं टाकलं आणि लहान पोरासारखा रडला.

माघात थंडी अंगात शिरली. आधी खोकला, मग ताप. शेजारच्या घरांतले बाप्ये मलकापूरवरून गोळ्या घेऊन आले, पेज पाजली. दवाखान्यात चल म्हणाले तर तो उद्या म्हणायचा. दोन उद्या गेल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी चिमणाबाई वाडग्यात हुलग्याचं पातळ माडगं घेऊन दारात आली. पोकलेननं चढताना पाडलेल्या वाटेवर यशराजची गाडी उभी होती, आणि तो बॉनेटला टेकून इकडंच बघत होता.

"अवो," ती दाराबाहेरून म्हणाली. "एवढं प्या. बाकीचं बघू मग."

केरबा भिंतीला धरून उठला. उंबऱ्यापर्यंत आला. तिच्या तोंडाकडं बघत राहिला. तिच्या कपाळाला धुरानं काळं लागलं होतं.

"आत यिऊ नगंस," तो म्हणाला. "तुझं माडगं प्यालो की चूल एक झाली."

"मराय लागलासा की तुमी."

"दिसतंय मला. म्हणूनच म्हणतोय, यिऊ नगंस."

त्यानं दार लावलं आणि आतून कडी घातली. ती दारावर हात ठेवून उभी राहिली. वाडगं गार झालं, वर साय धरली, तरी हलली नाही. आतून थोडा वेळ खोकला ऐकू येत होता. ऊन कलायच्या आत तो थांबला. तिनं हाक मारली, दोनदा, मग नावानं, जे तिनं जन्मात कधी घेतलं नव्हतं. बाप्यांनी येऊन दार मोडलं.

केरबाला त्याच्या बापाशेजारी पुरला. पांढरी खुंटी मधे येत होती, खड्डा तिला टाळून थोडा तिरका घेतला. खुंटीला हात लावायचा नव्हता. त्यानं लावला नसता.

तिसऱ्या दिवशी यशराज भेटायला आला. रीतच आहे. अंगणात घोंगड्यावर बसला. दहा घरांचे दहा बाप्ये भिंतीला टेकून बसले होते. पूर्णिमानं चहा दिला.

"वाईट झालं, मावशी," तो म्हणाला. "आता एवढ्या थंडीत भाईर कशाला ऱ्हाता? चूल आत न्या."

"आज सकाळीच नेली," चिमणाबाई म्हणाली.

यशराजच्या खांद्यावरचं ओझं उतरल्याचं सगळ्यांना दिसलं. तो बशीत चहा ओतायला लागला.

"तुझ्या बाची शपथ तुझ्या बासंगं गेली," ती पुढं म्हणाली. "ह्येंची ह्येंच्यासंगं. आता ह्या घरावर भंडारा न्हाय. आता मी माझ्या उंबऱ्यावरनं उठून आडवी येणार. चूल भाईर मांडायची गरज न्हाय."

यशराजनं बशी खाली ठेवली. त्याची नजर तिच्यावरून हळूहळू भिंतीकडं गेली, तिथं बसलेल्या दहा म्हाताऱ्यांकडं. ती दहाही घरं अजून शपथेत होती, आणि ती कशानं सुटतात ते आता सगळ्यांनी ऐकलं होतं. दहाजणांपैकी कुणीच कुणाकडं बघितलं नाही.

पन्नास पावलांवर ड्रायव्हरनं मशीन सुरू केलं. रोजच्यासारखं, थोडा वेळच.